लिहिलेली बाजू आत

आमच्या ग्रंथालयात त्यांना सगळे बाइंडरबाई म्हणायचे. जिना उतरून डावीकडे वळलं की दुरुस्तीची खोली. एकच खिडकी, तीही सायकल स्टँडकडे उघडणारी, त्यामुळे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या सायकलची घंटा आत ऐकू यायची. मध्ये लांबडं टेबल, एका कोपऱ्यात लोखंडी चाक फिरवून पुस्तकं दाबायचा शिकंजा, दुसऱ्या कोपऱ्यात शेगडीवर पिठाच्या खळीचं पातेलं. मी वर देवघेवीच्या खिडकीवर बसायची, पण दुपारचा चहा आम्ही दोघी खालीच घ्यायचो. ग्रंथपाल साहेबांना पुस्तकांजवळ चहा चालायचा नाही. "इथली पुस्तकं आधीच आजारी आहेत, त्यांना चहाचं काय भय," असं बाई म्हणायच्या.

बाईंचे सासरे याच खोलीत चाळीस वर्षं बाइंडर होते. मुलाला त्यांनी शिकवायला घेतलं, तर त्याला खळीचे चिकट हात आवडेनात. तो ट्रक चालवायला लागला. मग सासऱ्यांनी सुनेला हाताशी घेतलं. पोटची मुलगी घरात असताना सुनेला विद्या दिली, याचा राग नणंदेने पुढे कित्येक वर्षं मनात ठेवला. नणंद शिवणकामात पटाईत होती. शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात तिने हयात काढली. "माझ्या टाक्यापुढे वहिनीचा टाका म्हणजे गोणपाटाचा," हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

सासरे वारले, नवराही अकाली गेला, आणि बाई त्या खोलीत एकट्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षं. पण सासरे तिथून हलले नाहीत असंच वाटायचं, कारण बाईंचं निम्मं बोलणं 'मामंजी म्हणायचे' ने सुरू व्हायचं. मामंजी म्हणायचे, पान हलवून कानाने तपासावं. मामंजी म्हणायचे, सरस लावणारा आळशी आणि खळ लावणारा कारागीर. मामंजी म्हणायचे, पुस्तकाच्या पाठीला सुरी लावणाऱ्याचा हात धरावा, मग तो साहेब का असेना.

मामंजींचं सगळ्यात मोठं काम वरच्या मजल्यावर, कुलपाच्या खोलीत होतं. आमच्या गावात पूर्वी एक साप्ताहिक निघायचं. त्याचे एकशे चौतीस वर्षांचे अंक, एका वर्षाचं एक बाड, अशी एकशे चौतीस बाडं त्यांनी सात वर्षं खपून नव्याने बांधली होती. मातकट कापड, घट्ट पाठ, एक टाका ढिला नाही. त्यांनी सुनेला बजावून ठेवलं होतं, "या बाडांच्या पाठी उघडायच्या नाहीत. माझ्या मागे पन्नास वर्षं कुणाला बघावं लागणार नाही." बाईंनी ते तंतोतंत पाळलं. कोपरे बदलले, धूळ झटकली, पण पाठीला बोट लावलं नाही. जुन्या माणसाचा अभिमान, असंच आम्ही सगळे समजत होतो.

बांधणी टिकली, पण आतला कागद टिकेना. पान उलटलं की कोपरा तुटून हातात यायचा. शेवटी वाचकांना बाडं देणं बंद झालं. साहेब नऊ वर्षं दारोदार पत्रं पाठवत होते: ही बाडं स्कॅन करून संगणकावर आणायची आहेत, निधी द्या. उत्तरं सभ्य यायची आणि नकाराची यायची. दहाव्या वर्षी एका न्यासाने होकार दिला. साहेब ते पत्र घेऊन जिना उतरून स्वतः खाली आले आणि बाईंच्या हातात देऊन म्हणाले, "वाचा. मला परत एकदा ऐकायचंय."

न्यासाच्या अटी दोन होत्या. सगळी बाडं अकरा महिन्यांत पूर्ण व्हावीत, आणि मुदतीत जे होणार नाही त्याचा निधी परत जावा. काम एका ठेकेदाराला गेलं. त्याच्या मॅनेजरचा एक दिवस दुरुस्तीच्या खोलीत फोन आला, तेव्हा मी तिथेच चहा घेत होते.

"बाई, ही बाडं सपाट उघडतात का हो?"

"कसली उघडतात! मामंजींची बांधणी आहे. पण शिवण उसवली की पानं सुटी होतात."

"म्हणजे पानं सुटी केलेली चालतील?"

"चालतील की. परत बांधायला मी बसलेय ना इथे."

दोन दिवसांनी एक छापील कागद आला. 'पाने सुटी करण्यास दुरुस्ती विभागाची हरकत नाही.' बाईंनी हात पुसले आणि सही केली. मग टेम्पो आला आणि बाडं हप्त्याहप्त्याने जाऊ लागली.

दीड महिन्याने पहिली पानं संगणकावर आली. साहेबांनी सगळ्यांना वाचनालयाच्या मोठ्या दालनात बोलावलं. शिपाई, माळी, झाडलोट करणारी मावशी, सगळे पडद्याभोवती जमले. नव्वद वर्षांपूर्वीचं पान समोर लखलखत होतं. साहेबांनी एक जाहिरात मोठी करून दाखवली. 'त्री हरवली. मूठ काळी. आणून देणाऱ्यास बक्षीस.'

"त्री हरवली!" माळी हसला. "छापखान्यात 'छ' हरवला होता वाटतं."

सगळेच हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या पडद्याजवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला लागेल इतक्या वाकल्या.

"साहेब, आतली कड दाखवा."

"कुठली आतली?"

"जिथे पान शिवलेलं असतं ती. मोठी करा. अजून."

साहेबांनी केली. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"सुईची भोकं कुठायत?" बाई म्हणाल्या.

कुणालाच कळेना. बाईंनी टेबलावरचा एक कागद घेतला, दुमडला, घडीवर नखाने पाच खुणा केल्या. "इथून सुई जाते. मामंजी पाच भोकं पाडायचे. शिवण उसवली तरी भोकं राहतात, ती कशी जातील? दुसरं पान दाखवा. तिसरं दाखवा." एकाही पानावर भोक नव्हतं. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. प्रत्येक पानावर आतल्या कडेला लागलेलं ओळींचं अक्षर अर्धवट होतं, नाहीतर नव्हतंच. छापखान्यात काही हरवलं नव्हतं.

"हे उसवलेलं नाही," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मला शेजारी उभं राहूनही जेमतेम ऐकू आला. "हे कापलंय."

साहेब खुर्चीवर बसले. खुर्ची मागे आहे का हे न बघता बसले, ती होती म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि मी ठेकेदाराच्या कामाच्या जागी गेलो. गावाबाहेर पत्र्याची शेड होती, आत ट्यूबलाइटचा पांढरा उजेड. एका बाजूला पानं भराभर गिळणारं स्कॅनिंगचं यंत्र. दुसऱ्या बाजूला कटिंग मशीन, छापखान्यात असतं तसं, हातभर रुंद पात्याचं. आम्ही दारात पोचलो तेव्हा त्यावर एक बाड आडवं ठेवलेलं होतं, मातकट कापडाचं. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात पातं खाली आलं. खच्च असा एकच आवाज. पाठ एका बाजूला पडली आणि वर्षभराचे अंक पत्त्यांसारखे सुटे झाले.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसता हात वर केला, शाळेत मुलं उत्तर यायला लागलं की करतात तसा. त्या हाताकडे बघून मशीनवरच्या माणसाने बटण बंद केलं. आपलं काय चुकलं हे त्याला समजलं नव्हतं. त्याने बाईंना खुर्ची आणून दिली.

"किती झाली?" बाईंनी विचारलं.

"हे धरून अठ्ठावन्न."

"आणि पाठी?"

"पाठी म्हणजे?"

"हे. हे जे कापून पडतं ते."

"ते होय. ते पोत्यात. शनिवारी रद्दीवाला नेतो."

मॅनेजर धावत आला. माणूस वाईट नव्हता. त्याने फाईल उघडून तो छापील कागद बाईंपुढे धरला. "बाई, ही सही तुमचीच ना? मी तर फोन करूनही विचारलं होतं तुम्हाला. पानं सुटी केलेली चालतील म्हणालात."

बाईंनी कागद हातात घेतला. वाचला. उलटून मागची कोरी बाजूही बघितली. "माझीच," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, उसवणं आणि कापणं यात फरक असतो हे सांगावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं."

त्याच आठवड्यात न्यासाच्या मॅडम आल्या. साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. मॅडम स्वतःच हादरलेल्या होत्या, पण हातात करार होता. "मी काम थांबवू शकते," त्या म्हणाल्या, "पण थांबवलं तर तारीख पुढे सरकत नाही. उरलेला निधी जाईल. मग ही शहात्तर बाडं कपाटात कुजतील, हेही तुम्हाला ठाऊक आहे."

"मुदत गाठायला ठेकेदाराला आठवड्याला किती बाडं लागतात?" बाईंनी विचारलं.

"दोन तरी."

"मी आठवड्याला एक उसवून देते. दुसऱ्यासाठी माणूस आहे माझ्याकडे."

तो माणूस म्हणजे नणंद. कारखान्यातून निवृत्त होऊन ती घरी सगळ्यांना सळो की पळो करून सोडत होती. बाईंनी तिला जाऊन सांगितलं, "वन्सं, मामंजींची बाडं उसवायची आहेत. दुसऱ्या कुणाचा हात मला तिथे नको." नणंद आत गेली आणि आपली कात्री घेऊन बाहेर आली. वडिलांच्या कामाला हात लावायचा मान मिळायला तिला साठ वर्षं लागली होती.

पहिले दोन दिवस त्यांनी फक्त शिवण उसवली, पाठीचं अस्तर तसंच ठेवलं. ते जाड होतं आणि घट्ट होतं. तिसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, की हे अस्तर ओलं करून आधी काढलं तर दोरे आपोआप मोकळे होतील, वेळही वाचेल. पाठी उघडायच्या नाहीत हे बजावणं बाईंनी आजवर मोडलं नव्हतं. मग ओलं फडकं पिळून त्यांनीच पाठीवर अंथरलं.

मी चहा घेऊन जिना उतरले तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं. या दोघी एका खोलीत आणि शांतता, म्हणजे काहीतरी अघटित, हे माझ्या दारातच लक्षात आलं. टेबलावर अस्तरातून निघालेल्या कागदाच्या लांब, बोटभर रुंद पट्ट्या ओळीने पसरल्या होत्या. खळीने भिजलेल्या, पण शाबूत. प्रत्येकीवर शाईने लिहिलेलं होतं.

"वाच," बाई मला म्हणाल्या. "मी वाचलंय ते बरोबर आहे का सांग."

मी वाचलं. 'हमाल, वय तीस, नदीपलीकडचा. शेजाऱ्याने आणला.' 'शिंप्याची मुलगी, वय चार. एकटी.' 'दाई, वय पन्नास.' पुढे रकाना होता. त्यात तारीख आणि एकच शब्द, 'बरी' किंवा 'गेला' किंवा 'गेली'. 'गेला' आणि 'गेली' जास्त होते.

हातातला चहा मी आधी पट्ट्यांपासून लांब, खिडकीत ठेवला.

पंचाऐंशी वर्षांपूर्वी गावात तापाची मोठी साथ आली होती. आजाऱ्यांना गाड्यांत घालून गावाबाहेरच्या छावणीत नेत. नेलेल्यांपैकी कितीतरी माणसं परत आली नाहीत, आणि ती कधी गेली, कुठे पुरली की जाळली, हे घरच्यांना कुणी कधी सांगितलं नाही. छावणीच्या नोंदवह्या पुढे ग्रंथालयात आल्या होत्या. आमच्या सूचीच्या जुन्या पेटीत त्यांचं कार्ड अजून आहे: 'रुग्णनोंद वह्या, नऊ. वाळवी लागून नष्ट.' ते कार्ड मी स्वतः कितीदा लोकांना दाखवलं होतं. कुणी विचारत आलं की मी म्हणायची, वाईट वाटतं हो, पण वाळवीपुढे कुणाचं काय चालतं.

वाळवी लागली नव्हती. वह्या आमच्याच खळीत, आमच्याच कपाटात, बाडांच्या पाठीत होत्या. पट्ट्या करून.

"बाबांना ठाऊक नसेल," नणंद म्हणाली. "त्यांना कुणीतरी रद्दी आणून दिली असेल. त्या वर्षी कागद मिळत नव्हता, मला आठवतंय. आम्ही शाळेत पाटीवर लिहायचो."

"वन्सं," बाई म्हणाल्या, "लिहिलेली बाजू आत आहे. सगळ्या पट्ट्यांवर. एकही उलटी नाही."

नणंदेने एकेक पट्टी उलटून बघितली. मग तिचा चेहरा असा बदलला, की मला तिच्याकडे बघवेना. लिहिलेलं दिसू नये म्हणूनच ते आत वळवलं होतं. वाचून, समजून. आणि पन्नास वर्षं पाठी उघडू नका म्हणून बजावलं होतं.

"खळ लाव," नणंद एकदम उठून म्हणाली. "लाव खळ आणि परत चिकटव सगळं. आपण तिघीच आहोत. वहिनी, ते मेलेत गं. त्यांना आता काय सांगायला येता येणारे? ज्या माणसाने तुला घास भरवला..."

"घास भरवला. कामही दिलं," बाई म्हणाल्या. त्या पुढे काही बोलणार होत्या, पण मध्येच थांबल्या. त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं होतं.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "अगं, अठ्ठावन्न पाठी पोत्यात गेल्या."

पुढचं सगळं धावतपळत झालं. जिना चढताना बाईंची चप्पल निसटली, ती त्यांनी तिथेच टाकली. साहेबांना त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, "छावणीच्या वह्या सापडल्या. मामंजींनी कापल्या होत्या, आणि जवळजवळ निम्म्या मी घालवल्या." साहेबांना आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा ते गाडीची किल्ली शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती.

शेडमध्ये शेवटच्या आठवड्याचं एक पोतं शिल्लक होतं. मॅनेजरने ते स्वतः उचलून डिकीत ठेवलं. रद्दीवाल्याने सांगितलं, बाकीचा माल कागदाच्या गिरणीवर गेला. गिरणी तासाभराच्या अंतरावर. आत पाय ठेवला की पाण्याचा आणि कुजक्या लगद्याचा दर्प नाकात शिरत होता. खोलीएवढ्या हौदात राखाडी लगदा गोल फिरत होता. तिथल्या कारकुनाने वही चाळली.

"त्या गाड्या ना? पंधरा दिवस झाले. त्याची आता खोकी झाली असतील."

"कसली खोकी?" साहेबांनी विचारलं. विचारून काय उपयोग होता?

"कसलीही. चपलांची, औषधांची. ज्याची ऑर्डर असेल त्याची."

बाई हौदाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. कारकुनाने दोनदा सांगितलं, मावशी, तिथे उभं राहू नका, घसरायला होतं. त्यांनी ऐकलं नाही. साहेब शेवटी त्यांच्या दंडाला धरून बाहेर घेऊन आले. मी पंचवीस वर्षं नोकरी केली, पण साहेबांना कुणाच्या दंडाला धरताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

परत आल्यावर साहेबांनी कपाटातल्या जुन्या आवक-जावक वह्या काढल्या. संध्याकाळपर्यंत सापडलं. 'निरुपयोगी वह्या नऊ, दुरुस्ती विभागाकडे वापरासाठी.' खाली त्या वेळच्या ग्रंथपालांची सही. त्यांचा मोठा फोटो आमच्या दालनात लावलेला आहे, वाळवीचं कार्डही त्यांच्याच अक्षरात होतं. म्हणजे हुकूम वरून आला होता आणि मामंजींनी तो पाळला होता. बाईंना यातून काही दिलासा मिळेल असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "हुकूम पाळला, तो नोकरीचा भाग झाला. बाजू आत वळवली, ते कुणी सांगितलं नव्हतं."

साहेबांनी विचारलं, "बाई, न्यासाला कळवायचं. वर्तमानपत्रात येईल. तुमच्या घराचं नाव येईल. काय करू?"

"लिहा. दोघांचंही लिहा. त्यांनी काय केलं ते आणि माझी सही कुठे आहे ते."

ते छापून आलं. लोक ग्रंथालयात येऊन भांडले. एकाने माझ्या खिडकीच्या काचेवर मूठ मारली आणि मग तिथेच बसून रडला. दालनातला तो फोटो साहेबांनी उतरवला नाही, पण त्याखाली त्या कार्डाची आणि त्या हुकमाची नक्कल लावली. नणंद घरी निघून गेली, ती तीन आठवडे फिरकली नाही. बाई एकट्याच उसवत राहिल्या. ओलं फडकं, बोटभर पट्टी, टीपकागद, पुढची पट्टी. मामंजींनी सरस लावला असता तर त्यातलं एक अक्षर निघालं नसतं. खळ पाण्याने सुटते, म्हणून निघालं. हे बाईंनी मला एकदा सांगितलं, आणि सांगताना मामंजींचं कौतुक केलं की तक्रार, हे मला ओळखता आलं नाही.

चौथ्या सोमवारी नणंद परत आली. दारात उभी राहून म्हणाली, "तुझ्या पट्ट्यांची जोडणी चुकतेय असं ऐकलं. शिवणाऱ्या बाईला कापलेले तुकडे जुळवता येतात." आणि बसली. ते अगदी खरं होतं. कुठल्या तुकड्याची कड कुठल्याला लागते, हे ती नजरेने ओळखायची. पहिला पूर्ण कागद तिनेच जुळवला.

न्यासाच्या मॅडम ते बघायला आल्या, तेव्हा टेबलाशी तासभर उभ्याच होत्या. जाताना त्यांनी चष्मा पुसला आणि साहेबांना म्हणाल्या, "तारीख माझ्या हातात नाही. पण या पट्ट्यांसाठी मी वेगळा प्रस्ताव मांडते. अटी मात्र तुमच्या बाईंना लिहायला सांगा." बाईंनी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. एकही शब्द असा नव्हता, की ज्याचे दोन अर्थ निघतील. तो निधी मंजूर झाला. साप्ताहिकाचं काम मात्र मुदतीत संपलं नाही. शेवटची अकरा बाडं राहिली, त्यांचा निधी परत गेला. ती पुढे दोन वर्षांनी गावातल्या वर्गणीतून झाली. कापलेल्या अठ्ठावन्न बाडांची सुटी पानं खोक्यांत आहेत. त्यांच्या ओळींची गेलेली अक्षरं काही परत आली नाहीत.

नऊ वह्यांपैकी साधारण पाच जुळल्या. मग लोक येऊ लागले. बहुतेक नातवंडं-पतवंडं, हातात चिठ्ठीवर लिहिलेलं नाव घेऊन. काहींना नाव सापडायचं आणि ते तारीख लिहून घेऊन जायचे. एक दिवस एक्याण्णव वर्षांच्या आजी आल्या. छावणीत त्यांच्या आईला नेलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. बाईंनी त्यांना जिना उतरू दिला नाही. पट्टीच वर आणली. आईचं नाव होतं, वय होतं, 'मुलगी मागे रडत होती' असंसुद्धा कुणीतरी कडेला लिहिलं होतं. शेवटचा रकाना नव्हता. तो दुसऱ्या पट्टीवर असणार, आणि ती पट्टी नव्हती.

"आजी, ती माझ्यामुळे गेली," बाई म्हणाल्या. मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, की कशाला सांगता, पण त्यांनी सगळं सांगितलं. फोन, सही, पोती, गिरणी.

आजींनी ऐकलं. पट्टीवरून बोट फिरवलं, मग म्हणाल्या, "ही रडत होती म्हणून लिहिलंय ती मीच. मला वाटायचं मी रडले नव्हते. सगळे जन्मभर सांगायचे, ही पोर रडलीसुद्धा नाही." त्यांनी त्या ओळीची छापील प्रत मागितली. मी काढून दिली. ती घडी न घालता दोन्ही हातांत सपाट धरून त्या गेल्या. बाईंशी एक शब्द बोलल्या नाहीत, चांगला नाही की वाईट नाही.

त्या दिवशी बाईंनी चहा घेतला नाही. नणंदेने आपली खुर्ची सरकवून त्यांच्या बाजूला आणली.

बाई निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. जुळवायचं काम अजून संपलेलं नाही, म्हणून आठवड्यातले तीन दिवस दोघी येतात. मामंजींविषयी बाई क्वचितच बोलतात. मध्ये एकदा नणंदच म्हणाली, की बाबांनी लिहिलेली बाजू बाहेर ठेवली असती, तर कुणीतरी कधीच वाचली असती. "बाहेर ठेवली असती तर झिजून गेली असती," बाई म्हणाल्या. नणंदेला ते पटलं नाही. यावर त्यांचा वाद झाला, मोठ्याने झाला, वरून वाचकांनी निरोप पाठवला की खाली जरा हळू बोला. मी जिना उतरून सांगायला गेले, तर दोघी एकाच तुकड्याची दोन टोकं धरून बसल्या होत्या आणि तो कुठे बसतो यावरून आता नवीन भांडण सुरू झालं होतं.